तीन-तीन-तीनचा ठराव

आमच्या संघटनेच्या लोखंडी कपाटाला दोन कुलपं होती आणि त्यांच्या किल्ल्या एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन माणसांकडे होत्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

मी येण्याच्या बऱ्याच आधी संघटना फुटलेली. फुटून गेलेल्यांनी जाताना बॅनर, कर्णा आणि सायक्लोस्टाइलचं मशीन नेलं. उरलेल्यांनी त्यातून एकच धडा घेतला : कुठलीही किल्ली एका माणसाकडे ठेवायची नाही. म्हणून एक किल्ली अध्यक्षांकडे. ते निवृत्त मुख्याध्यापक, ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोमागे राहायचे, त्यांना सगळे सर म्हणायचे. दुसरी किल्ली सेक्रेटरीबाईंकडे, डोंबिवलीला. एका पत्रकात ‘निषेध’ लिहायचं की ‘तीव्र निषेध’, यावरून दोघांचं वाजलेलं. तेव्हापासून ते एकमेकांशी फक्त सभेमार्फत बोलायचे. सर हातभर अंतरावर बसलेले असायचे आणि बाई म्हणायच्या, “सभेने अध्यक्षांना विचारावं, त्यांचा पंखा बंद करायला विरोध आहे का?” साधी हातोडी काढायची तरी दोघांनी यायचं, आपापलं कुलूप उघडायचं आणि हातोडी परत येईपर्यंत बसून राहायचं.

मी तेवीसचा होतो आणि पत्रकं लिहायचो. माझं खरं शिक्षण पत्रकांवरच झालं. पत्रकात शंकेला जागा नसते. एका पानात मागणी, निषेध आणि सभेचं ठिकाण बसवायचं असतं. जगाकडेही मी तसाच बघायचो. समोरचा एकतर जनता, नाहीतर जनतेचा शत्रू. मधला कुणी भेटला की माझा गोंधळ व्हायचा आणि गोंधळ झाला की मी चिडायचो.

नव्वदीचं दशक संपत आलेलं. कोपरच्या खाडीकाठाने रस्ता काढायचा नकाशा निघाला. नकाशातली रेघ एका कोळीण मावशीच्या घरापुढच्या खळ्यातून आरपार गेलेली. त्या खळ्यात ती जवळा वाळवायची आणि त्यावरच तिचं घर चालायचं. कचेरीचं म्हणणं, तिथे खळं-बिळं काही नाही, मोकळी सरकारी जागा आहे. मावशीकडे सासऱ्याच्या नावाची जुन्या मोजणीची नक्कल होती, तीत खळं स्पष्ट काढलेलं. तो एक कागद दाखवला तर खळं खरं. नाही दाखवला तर तिथून डंपर जाणार.

तो कागद तिने माझ्या हातात दिला. मी काय करावं? कल्याणच्या कचेरीत जाऊन हरकतीच्या अर्जाला मूळ कागदच जोडला. “झेरॉक्स कशाला? आम्ही काही लपवत नाही,” असं वर टेबलावर हात आपटून म्हणालो. आवक कारकुनाने मान वर न करता कागद आत सरकवला आणि माझ्याकडच्या अर्जाच्या झेरॉक्सवर निळा शिक्का मारून, नंबर घालून पोच म्हणून परत दिली. नंबर तरी मी कुठे टिपून ठेवतोय!

ती पोच तरी जपावी? तर मी ती पिठाची खळ लावून खोपटच्या डेपोच्या भिंतीवर चिकटवली. वर लाल रंगाने लिहिलं : हा घ्या पुरावा! सर म्हणालेले, “अरे, झेरॉक्सची झेरॉक्स लाव.” मी म्हणालो, “लोकांना निळी शाई दिसली पाहिजे, सर. काळ्या शिक्क्यावर कोण विश्वास ठेवतो?” तिसऱ्या दिवशी तिच्यावर केसांच्या तेलाचं पोस्टर लागलं. मी नखाने पोस्टर खरवडायला लागलो तर खालची पोचही लगदा होऊन हातात आली.

एवढ्यावर मी शांत होतो, कारण कचेरीत देण्याआधी मोजणीची नक्कल आणि भिंतीवर लावण्याआधी पोच, दोन्ही स्कॅन होऊन आमच्या वेबसाइटवर चढलेली होती.

वेबसाइट म्हटलं की आमच्यातले जुने लोक हसायचे. ती उभी केली एका मिस्त्रीने. वागळे इस्टेटमधला त्याचा कारखाना बंद पडला, तसा हा लेथवरचा पन्नाशीचा माणूस कॉम्प्युटर शिकला आणि तिथल्याच एका गाळ्यात त्याने सर्व्हर थाटला. इतरांचे कॉम्प्युटर फोनवरून जोडून घेणारं आणि त्यांना पानं दाखवणारं मशीन म्हणजे सर्व्हर, असं त्याने मला सांगितलं. त्यावर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. आमच्या साइटवर हरकत लिहायचा फॉर्म होता. बोटीवर नोकरीला गेलेली कोळ्यांची पोरं परदेशी बंदरातून हरकत टाकतील, अशी आमची कल्पना. टाकलेली हरकत आणि स्कॅन केलेले कागद एकाच डिरेक्टरीत, म्हणजे फायलींच्या एका कप्प्यात, जमायचे.

“ही डिरेक्टरी कोण वाचणार, कोण त्यात लिहिणार, ते ठरवायला लागेल,” मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाला. “वाचायचे चार, लिहायचे दोन, चालवायचा एक. बेरीज करायची. पहिला आकडा मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा बाकी दुनियेचा.”

“सगळ्यांना सगळं दे,” मी म्हणालो.

“म्हणजे सात-सात-सात? येडा झालास काय? घराचं दार, खिडकी, कौलं, सगळंच काढून ठेवल्यासारखं होईल.”

“जनतेपासून आम्हाला दार कशाला पाहिजे?”

त्याने कीबोर्ड पुढे ओढला. “ठीक आहे भाऊ. जनता तुझी.”

दोन आठवड्यांत ‘आमच्या मागण्या’ या पानावर ढोकळ्याची कृती आली. कुणी टाकली ते शेवटपर्यंत कळलं नाही. डोंबिवलीच्या सायबर कॅफेत मी पान उघडलं तर लढ्याच्या हाकेखाली बेसन, दही आणि सोडा. तातडीची सभा बोलावली. बाईंनी कृतीचा प्रिंट वाचला आणि पहिलं वाक्य उच्चारलं, “यात सोडा फार आहे.” इतिवृत्तात नोंद झाली की सदर पाककृतीशी संघटनेचा संबंध नाही आणि सोड्याच्या प्रमाणाची जबाबदारी संघटना घेत नाही.

सभा बालवाडीच्या वर्गात असायची. आम्ही गुडघे हनुवटीला लावून छोट्या खुर्च्यांवर बसलेलो आणि मिस्त्री फळ्यावर आकडे मांडत होता. “डिरेक्टरीला सात-पाच-पाच, फायलींना सहा-चार-चार. सगळीकडे असंच करतात.”

“सगळीकडे करतात म्हणून आपण करायचं असतं तर संघटना कशाला काढली असती?” सर म्हणाले.

मी उभा राहिलो. खुर्ची माझ्यासोबत उठली, ती काढून ठेवली. “मालकाला सात आणि जनतेला पाच? हा भेदभाव मी मान्य करणार नाही. तिन्ही आकडे एकसारखे पाहिजेत.”

“सभेने त्याला विचारावं, ढोकळा विसरला का?” बाई म्हणाल्या. “माझं मत शून्य-शून्य-शून्य. कुणालाच काही नको.”

“मग सर्व्हरला पण वाचता येणार नाही हो,” मिस्त्री म्हणाला.

“न वाचू दे. त्याला काय करायचंय वाचून?”

एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला शून्य. तासभर खडाजंगी. आमच्याकडे असं अडलं की एक पद्धत होती : दोन्ही टोकांच्या मधलं धरायचं. सभेची वेळ पाच की सहा, तर साडेपाच. मोर्चा डावीकडून की उजवीकडून, तर रस्त्याच्या मधून. त्यापायी दोनदा पोलीस चौकी बघितलेली. सरांनी फळ्यावर सात आणि शून्य लिहून मधे रेघ मारली.

“साडेतीन.”

“साडेतीन नसतंय, सर,” मिस्त्री म्हणाला.

“बरोबर. अर्धा गुण द्यायची पद्धत चांगली नाहीच. तीन.”

“अहो, तो काय भाजीचा भाव आहे का, मधला धरायला? तीन म्हणजे दोन अधिक एक. लिहिता येईल, चालवता येईल, वाचता येणार नाही! टाकलेलं आत जाईल आणि कुणाला दिसणारच नाही. मालकाला पण नाही.”

“आपण सभासद नाही,” सर मिस्त्रीला थंडपणे म्हणाले. “आपल्याला मत नाही.”

आणि मग ते घडलं. बाई थेट सरांकडे बघून म्हणाल्या, “मला मान्य आहे.” सभेमार्फत नाही, थेट! वर्गात टाळ्या पडल्या. कितीतरी वर्षांनी दोघांचं कशावर तरी एकमत झालेलं. आता मिस्त्रीने काय सांगितलंय याकडे कोण बघतो? मी पण हात वर केला. मालकाला आणि जनतेला एकच आकडा मिळत होता. तो आकडा करतो काय, हा प्रश्न मला फुटकळ वाटला. आमची हीच तर खोड : ठराव एकमताने झाला की तो बरोबर असतो.

पुढचा ठराव मालकाच्या, म्हणजे संघटनेच्या खात्याच्या पासवर्डचा; तो टाकला तरच हे आकडे बदलता येणार. तो कपाटाच्या धर्तीवर झाला. आठ अक्षरं, पहिली चार सरांची, पुढची चार बाईंची. एकाने टाइप करताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं.

मिस्त्री म्हणाला, “मला लेखी द्या. लेथवर काम केलंय मी. ड्रॉइंगवर सही असली की चुकीचं असलं तरी तसंच कापतो. पीस फुकट गेला तर साहेबाच्या नावावर.” आम्ही लेखी दिलं. त्याने आतल्या सगळ्या फायलींसकट तीन-तीन-तीन कापून दिलं.

महिन्याभराने कचेरीतून मावशीला पत्र आलं : सुनावणी उद्या अकरा वाजता, हरकतीसोबत कागदपत्र जोडलेलं आढळत नाही. पत्र घेऊन ती दुपारी माझ्या घरी आली. पाटी खाली ठेवली.

“पोरा, माजा कागूद आडलत नाय म्हंतान.”

“असं कसं? मी स्वतः दिलाय!”

“तू दिलास त मना दे ना परत.”

मी तिला बसायला सांगून सायबर कॅफेत धावलो. आमचं पान उघडलं, नकलेवर क्लिक केलं. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एकच शब्द : फॉरबिडन. मनाई! आमच्याच साइटवर, आमच्याच कागदाला, मलाच! पहिल्यांदा मनात काय आलं असेल? या दडपशाहीविरुद्ध पत्रक काढावं. त्याचा मजकूरही सुचला. मग आठवलं की दडपशाहीच्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत मी होतो.

कागदाच्या प्रती आणखी दोन ठिकाणी ठेवलेल्या. एक डोंबिवलीतच मित्राच्या घरी, विंडोज पंच्याण्णववर. त्या मशीनला परवानगी हा प्रकारच ठाऊक नाही. जो समोर बसेल तो राजा. मित्राचे वडील समोर बसलेले. “तो पिवळा कागद ना? जागा अडवत होता. मी म्हटलं कुणाच्या तरी कुंडलीचा फोटो असेल. पुसला. कचऱ्याची बादली पण रिकामी केली हो, अर्धवट काम मला आवडत नाही.”

दुसरी प्रत कल्याणला कॉम्प्युटर क्लासात, तिथे विंडोज एनटी. एनटीवर आकडेच नसतात, यादीतून निवडायचं असतं. तेव्हा क्लासवाल्याने मला फोनवर विचारलेलं, “तुमचा तीन इथे कुठे टाकू?” मी म्हणालेलो, “बाहेरच्या कुणाला काही दिसू नये असं काहीतरी कर.” त्याने ‘एव्हरीवन’ नाव निवडलं आणि पुढे ‘नो ॲक्सेस’ लावलं. आता तिथे शिकवणारी मुलगी फोल्डरवर क्लिक करत मला म्हणाली, “एव्हरीवन म्हणजे आम्हीपण ना हो. आमच्या क्लासच्या सरांना सुद्धा उघडत नव्हतं. ज्याच्या नावावर फोल्डर आहे त्याला परवानगी बदलता येते म्हणे, पण ते लग्नाला देवरुखला गेलेत.”

“कधी येतील?”

“हळद आजच आहे.”

उरला वागळे इस्टेट. संध्याकाळी मी सरांना आणि बाईंना वेगवेगळे फोन केले. बाईंनी विचारलं, “अध्यक्ष येणार आहेत का ते सभेने—” मी म्हणालो, “बाई, सभा नाही, मी एकटा आहे. सकाळी आठला या.”

आठला सगळे गाळ्यात. मिस्त्री, सर, बाई, मी, आणि एका उलट्या डब्यावर मावशी, मांडीवर रिकामी पाटी. आधी कोण टाइप करणार यावर पंधरा मिनिटं गेली. पासवर्डमधे सरांची अक्षरं आधी येतात, एवढीच गोष्ट होती. पण बाईंना वाटलं, हा मानाचा प्रश्न आहे. शेवटी बाई भिंतीकडे वळल्या आणि सर खुर्चीत बसले.

सरांनी एका बोटाने एक कळ दाबली. पडद्याकडे बघितलं. पुन्हा तीच दाबली.

“काही उमटत नाहीये.”

“उमटत नसतंय सर. पासवर्ड दिसत नाही, दाबत जायचं,” मिस्त्री म्हणाला.

“न दिसता कसं लिहायचं? आयुष्यभर मुलांना सांगत आलो, लिहिलेलं वाचून बघा!”

मग सर आणि बाईंच्या जागा बदलल्या. बाईंनी खटाखट चार अक्षरं मारली. चूक. पुन्हा. चूक. दर वेळी एकजण भिंतीकडे वळायचा, दुसरा खुर्चीत. गाळ्यात त्यांची फुगडी चालल्यासारखी वाटत होती. सर प्रत्येक कळ दोनदा दाबत होते आणि मान्य करत नव्हते. बाई म्हणाल्या, “सभेने अध्यक्षांना विचारावं, त्यांना स्वतःची अक्षरं आठवतात का?” सर म्हणाले, “सभेने सेक्रेटरींना कळवावं, की मला ‘तीव्र निषेध’ सुद्धा आठवतो.”

साडेनऊ. इथून कल्याण गाठायचं होतं. मी मिस्त्रीवर ओरडलो, “तुझ्याच मशीनची ही मनमानी! काहीतरी उपाय असेल ना?”

“आहे ना.”

“काय?”

“मी. मशीनचा धनी मी, त्याला रूट म्हणतात. रूटला तीन काय नि शून्य काय. त्याला कुणी अडवत नाही. तुमचं सगळं मला पहिल्या दिवसापासून दिसतंय.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“मला मत कुठे होतं?”

मला काय वाटलं ते सांगायला हवं. राग आला, पण कागद मिळणार याचा आनंद आधी व्हायला हवा होता तो नाही झाला. सात-शून्याच्या खडाजंगीत, कुलपांत, एकमतात आम्ही जी काही लोकशाही चालवत होतो, तिच्यावर एक माणूस गाळ्यात बसून चहा पीत होता आणि त्याला आमचा एकही आकडा लागू नव्हता. मला त्याविरुद्ध भाषण करायचं होतं. तोंड उघडलंही.

सर माझ्या आधी बोलले. “ठराव रद्द केल्याशिवाय उघडता येणार नाही. आणि आत्ता कोरम नाही.”

“तत्त्व म्हणून सरांचं बरोबर आहे,” मी म्हणालो. खरंच म्हणालो. आज लिहिताना हात अडखळतो, पण म्हणालो.

डब्यावरून मावशी उठली.

“कागूद कुनाचा?”

सरांनी मिस्त्रीकडे बघितलं, मिस्त्रीने माझ्याकडे.

“माजे सासऱ्याचा. खला कुनाचा? माजा. आनि कुलूप कुनी लावला? तुमी. मना कुनी विचारला होता काय रं, तीन लावू का सात लावू? आता मनाच सांगताव, थांब, मानसा कमी हान! ओ मिस्त्री, काड तो कागूद.”

मिस्त्रीने हात कीबोर्डवर ठेवला आणि आमच्याकडे बघितलं. त्याला लेखी पाहिजे होतं बहुतेक. तेवढ्यात बाई सरांना म्हणाल्या, सभेला मधे न घेता, “सर, भिंतीकडे तोंड करा.”

“का?”

“आपण बघितलं नाही तर आपल्या समोर उघडलं नाही.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि वळले. त्यांच्या शेजारी बाई वळल्या. अध्यक्ष आणि सेक्रेटरी खांद्याला खांदा लावून गाळ्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे राहिले. मला कुणी सांगितलं नाही, पण मीही वळलो. मागे प्रिंटर करकरत आधी नक्कल, मग पोच काढत होता. संघटनेच्या इतिहासातला हा एकच निर्णय, ज्याचं इतिवृत्त नाही.

कचेरीत अकराला पाच कमी असताना पोचलो. सुनावणीच्या साहेबांनी प्रिंट उलटसुलट करून बघितला.

“ही तर प्रिंट आहे. मूळ कुठाय?”

“तुमच्याकडे,” मी म्हणालो.

“आमच्याकडे नाही.”

मी टेबलावर आपटायला हात उचलला. मावशीने माझं मनगट धरून खाली ठेवलं आणि पोचेच्या प्रिंटवर, शिक्क्याखालच्या नंबरावर बोट टेकलं. “साहेब, यो नंबर तुमचा ना? तुमचे वहीत बगा.”

आवक रजिस्टर आणलं. नंबर होता. समोर कारकुनाच्या हस्ताक्षरात : हरकत अर्ज, सोबत मोजणी नक्कल मूळ, एक. साहेबांनी कारकुनाकडे बघितलं. कारकुनाने छताकडे. मूळ कागद काही त्या दिवशी सापडला नाही. पण साहेबांनी लिहून दिलं की कागद मुदतीत मिळालेला आहे, सबब रस्त्याची रेघ कायम करण्यापूर्वी जागेवर फेरमोजणी व्हावी. मावशीने सही केली, कागदाची घडी घातली आणि ती माझ्या हाती न देता कमरेला खोचली. मी मागितलीही नाही.

मोजणीवाले आले तेव्हा ऐन उन्हात जवळा पसरलेला होता, सगळ्या खळ्यावर, पाय ठेवायला जागा नाही. मी बाजूला उभा, खिशात पत्रक, वेळ आली तर वाचायला. दोन माणसं साखळी आणि नकाशा घेऊन कडेला थांबली.

“मावशी, हे उचला. मोजायचंय.”

“उचलनार नाय. आजचा ऊन गेला त कुजंल. मोजा की, जवल्यावरना मोजा.”

“पाय कुठे ठेवू?”

“वहाना काडा. पाय धुवा. तो बग पिंप.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग वहाणा काढल्या, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडल्या, पिंपाशी जाऊन पाय धुतले आणि जवळ्यातून टाचा उचलत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साखळी नेली. मावशी मागून सांगत होती, “आनखी पुढं. थय नाय, थय शेजारचा. हां, थय.” त्यातल्या एकाने पेन्सिलने नकाशावर चौकोन काढला आणि आत लिहिलं : खळे, वापरात.